गाण्याची पट्टी बदलून रेकॉर्डिंग करताना आवाजाचा दर्जा कसा राखायचा

सांगली-मिरजेकडे भजनी मंडळ, ऑर्केस्ट्रा किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी ट्रॅक (गाण्यामागे वाजणारी रेकॉर्ड केलेली साथ) तयार करणाऱ्यांना ही अडचण रोजची आहे. ट्रॅक काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरलेला), गाणाऱ्याचा गळा पांढरी चारचा, आणि कार्यक्रम परवावर आलेला. मग कुणीतरी ट्रॅक कॉम्प्युटरवर तीन पट्ट्या खाली उतरवून देतं. पट्टी जुळते, पण तबल्याची थाप बसकी येते, तंबोरा पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखा लागतो आणि मागचा कोरस घसा बसल्यासारखा ऐकू येतो. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. खरं तर हेच सॉफ्टवेअर नीट वापरलं तर तीन पट्ट्यांचा फरक सभागृहात बसलेल्या माणसाला कळतही नाही.

हा लेख पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः रीपर आणि ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड आणि संपादित करायच्या सॉफ्टवेअरची आहेत, कारण नवख्या माणसाला ती सहज मिळतात. मेनूची नावं वेगळी असली तरी कामाची पद्धत सगळीकडे हीच राहते.

काय काय हाताशी हवं

- लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर: ८ जीबी रॅम, डिस्कवर किमान २० जीबी मोकळी जागा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. रेंडर (बदललेल्या आवाजाची नवी फाइल तयार होणं) चालू असताना लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते.
- सॉफ्टवेअर: ऑडॅसिटी फुकट आहे. रीपर ६० दिवस तपासून पाहता येतो, त्यानंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरला मिळतो.
- दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), त्याच्या कंपनीच्या एएसआयओ ड्रायव्हरसह (आवाज कमी उशिरानं पोचवणारं सॉफ्टवेअर).
- कंडेन्सर माइक, पॉप फिल्टर आणि कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन. ब्लूटूथ हेडफोनवर गाऊन रेकॉर्ड करू नका. त्यात आवाज इतका उशिरा पोचतो की गाणारा लयीच्या मागे पडतो.
- सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) दाखवणारा ट्यूनर. मोबाइलवरचा चालेल.
- ट्रॅकची मूळ फाइल, आणि ती कोणत्या पट्टीत, किती बीपीएमला (मिनिटाला किती ठोके) आहे याची कागदावर नोंद.

१. पट्टी आधी ठरवा, मग माउस हातात घ्या

पट्टी ठरवायला मुखडा गाऊन बघू नका. अंतऱ्यातली सर्वांत उंच जागा गाऊन बघा, आणि तीही सलग तीनदा. तिसऱ्यांदा गळा ताणला जात असेल तर एक पट्टी खाली या. मग सर्वांत खालचा स्वर ऐकू येण्याइतका भरतोय का ते पाहा. ही दहा मिनिटं आधी दिली नाहीत तर रेकॉर्डिंग झाल्यावर "अजून अर्धा सूर खाली हवा होता" असं ऐकावं लागतं, आणि सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं.

आता पेटीची भाषा सॉफ्टवेअरच्या भाषेत आणायची. सॉफ्टवेअर सेमीटोन मोजतं. पेटीवर काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांत एक सेमीटोन असतो. क्रमांक असे लावा:

पांढरी एक ०, काळी एक १, पांढरी दोन २, काळी दोन ३, पांढरी तीन ४, पांढरी चार ५, काळी तीन ६, पांढरी पाच ७, काळी चार ८, पांढरी सहा ९, काळी पाच १०, पांढरी सात ११.

हव्या असलेल्या पट्टीच्या आकड्यातून मूळ पट्टीचा आकडा वजा करा. काळी चार (८) वरून पांढरी चार (५) म्हणजे उणे ३. पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, तिथे मोजणी हमखास चुकते. पांढरी सात आणि वरच्या पांढरी एकच्या मधेही तसंच.

फरक ६ पेक्षा जास्त आला तर उलट्या बाजूनं जा. पुरुषाच्या काळी एकमधला ट्रॅक बाईंच्या काळी चारमध्ये न्यायचा असेल तर हिशोब अधिक ७ येतो. त्याऐवजी उणे ५ करा. षड्ज त्याच पट्टीवर येतो, फक्त साथ एक सप्तक खालून येते. ७ पट्ट्या ताणण्यापेक्षा ५ पट्ट्या उतरवणं आवाजाला कमी मारक असतं.

साधारण अंदाज असा धरा: एक-दोन पट्ट्या निर्धास्त बदला, तीनला काळजी घ्या, चार-पाचला प्रत्येक वाद्याचा वेगळा विचार करा. त्यापुढे वाद्यं नव्यानं वाजवून घेणंच शहाणपणाचं.

२. मूळ फाइल मिळवा

निम्मं काम इथेच होतं किंवा बिघडतं. ट्रॅक ज्यानं बनवला त्याच्याकडे पुढील क्रमानं मागा.

पहिली पसंती मिडी (आवाज नव्हे, कोणता स्वर कधी वाजला याची नोंद असलेली फाइल) किंवा सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टला. कीबोर्डवरून मिडीत वाजवलेलं संगीत असेल तर स्वर नुसते वर-खाली सरकवायचे असतात. आवाज नव्या पट्टीत नव्यानं तयार होतो, त्यामुळे दर्जा जायचा प्रश्नच नाही. ड्रमचा चॅनेल (बहुधा १० वा) मात्र त्यातून वगळा. तो सरकला तर किकच्या जागी भलतंच वाद्य वाजेल. काही व्हर्च्युअल वाद्यांत कीबोर्डच्या अगदी खालच्या पट्ट्यांवर वादनाची पद्धत बदलणाऱ्या कळा असतात, त्याही जागच्या जागी ठेवा.

दुसरी पसंती स्टेम्स, म्हणजे प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह फाइल. तिसरी पसंती मिक्स झालेली स्टीरिओ वेव्ह. एमपी थ्री सगळ्यात शेवटी.

एमपी थ्रीचं दुखणं समजून घ्या. १२८ केबीपीएसच्या फाइलमध्ये सुमारे १६ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापलेला असतो. ती तीन पट्ट्या उतरवली की तोच काप साडेतेरा किलोहर्ट्झच्या आसपास येतो, म्हणून टाळ, झांज, घुंगरू मळकट लागतात. ४४.१ किलोहर्ट्झच्या वेव्हमध्ये तोच काप साडेअठरा किलोहर्ट्झला राहतो आणि बहुतेकांना जाणवत नाही. शिवाय एमपी थ्री करताना कानाला लपलेले म्हणून टाकून दिलेले बारकावे पट्टी बदलली की उघडे पडतात आणि आवाज पाण्यात बुडाल्यासारखा खळखळतो. एमपी थ्रीचं वेव्हमध्ये रूपांतर केलं तरी गेलेलं परत येत नाही.

व्हॉट्सॲपवर फाइल मागवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. एखाद्या वेबसाइटवरचा ट्रॅक वाजवून कॉम्प्युटरच्या स्पीकर आउटपुटमधून रेकॉर्ड करणं टाळा, त्यात नोटिफिकेशनची टिंगसुद्धा येते. आणि ट्रॅक दुसऱ्याचा असेल तर पट्टी बदलल्यानं तो आपला होत नाही, प्रसिद्ध करण्याआधी मालकाची परवानगी घ्या.

३. सेशन नीट लावा

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४८ किलोहर्ट्झ ठेवा, रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये करा. प्रक्रिया करून तयार होणाऱ्या फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये ठेवा. रीपरमध्ये हे प्रोजेक्ट सेटिंग्जच्या 'मीडिया' टॅबवर ठरतं. ऑडॅसिटी मुळातच ३२ बिट फ्लोटवर काम करतं. जागेचा हिशोब सांगायचा तर या सेटिंगला एक स्टीरिओ ट्रॅक मिनिटाला सुमारे २३ एमबी घेतो, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याचे आठ स्टीरिओ ट्रॅक जवळपास १ जीबी होतात.

९६ किलोहर्ट्झ लागतो का? एखादं वाद्य सप्तकभर खाली न्यायचं ठरलेलं असेल आणि ते तुम्ही स्वतः रेकॉर्ड करणार असाल तरच. ४८ ला रेकॉर्ड केलेला आवाज सप्तक खाली नेला की वरची मर्यादा १२ किलोहर्ट्झवर येते. ९६ ला ती २४ वर राहते, पण माइकनं तेवढ्या उंचीवरचं काही टिपलेलं असेल तरच त्याचा उपयोग. तीन-चार पट्ट्यांच्या कामाला ४८ पुरतो.

एक सापळा इथेच आहे. मोबाइलच्या व्हिडिओतला आवाज बहुधा ४८ किलोहर्ट्झचा असतो. तो ४४.१ समजून वाजवला गेला तर गाणं संथ होतं आणि जवळजवळ दीड सेमीटोन उतरतं. ट्रॅक धड कोणत्याच पट्टीत बसत नसेल, दोन पट्ट्यांच्या अधेमधे लोंबकळत असेल, तर पिचला हात लावण्याआधी सॅम्पल रेट तपासा. असा ट्रॅक पिच शिफ्टनं 'दुरुस्त' करणं म्हणजे निष्कारण नुकसान.

पातळीही आधीच कमी करा. पट्टी बदलताना लहरींची आपापसातली मांडणी बदलते, त्यामुळे आवाज तेवढाच राहूनही टोकं दोन-तीन डीबीनं वर जाऊ शकतात. शून्याला टेकलेला ट्रॅक सरकवून २४ बिटमध्ये लिहिला तर तो फाटतो. आधी ६ डीबी उतरवा, मग पुढे जा.

४. पेटी नेमकी किती सुरात आहे ते मोजा

ट्रॅकवर प्रत्यक्ष पेटी वाजणार असेल तर ही पायरी गाळू नका. जुन्या पेट्या ४४० च्या मापात (पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ) असतीलच असं नाही. दहा-वीस सेंट चढलेली पेटी सर्रास आढळते. शंभर सेंट म्हणजे एक सेमीटोन. वीस सेंटचा फरक एकट्या पेटीत कळत नाही, पण ट्रॅकसोबत वाजली की कान दुखू लागतो.

भाता एकसारखा, मध्यम जोरात चालवून षड्ज पाच सेकंद धरा आणि ट्यूनर पाहा. भाता जोरात दाबला तर सूर थोडा हलतो, म्हणून दोन-तीनदा घेऊन मधला आकडा धरा. पेटीचे सूर लगेच घासून बदलता येत नाहीत, ट्रॅक मात्र बदलता येतो. ट्रॅक उणे ३ न्यायचा आहे आणि पेटी १५ सेंट चढी आहे, तर उणे २.८५ लिहा. दोन्ही बदल एकाच आकड्यात, एकाच वेळी.

५. सरकवण्याआधी स्वच्छता

घरगुती रेकॉर्डिंगमध्ये वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण असतेच, सोबत तिच्या १०० आणि १५० हर्ट्झच्या पटी. सरकवण्याआधी ती काढणं सोपं आहे, त्या ठरलेल्या जागी अरुंद कट द्यायचा. अधिक ३ केल्यावर तीच गुणगुण ५९.५, ११९, १७८ हर्ट्झला जाते आणि तयार हम-फिल्टर तिला ओळखत नाहीत. पंख्याची घरघर पट्टी बदलली की बुडबुड्यांसारखी होते, तीही आधीच काढा.

रीव्हर्ब आणि डिले बंद करून कोरडा आवाज सरकवा. रीव्हर्ब नव्या पट्टीत नंतर द्या. खोलीचा घुमारा सरकवला की खोलीच लहान-मोठी झाल्यासारखी ऐकू येते आणि शेपट्या चरचरतात.

६. प्रत्येक वाद्याचा वेगळा निवाडा

पूर्ण मिक्स एकदम सरकवणं हा शेवटचा पर्याय. स्टेम्स असतील तर एकेक वाद्य पाहा.

*तबला, पखवाज, ढोलकी.* बाहेरच्या व्हिडिओंमध्ये "ड्रम्सची पट्टी बदलू नका" असं सांगतात. ड्रमसेटला, टाळांना, खंजिरीला ते लागू आहे. आपला तबला सुरात लावलेला असतो. ट्रॅक तीन पट्ट्या उतरवून दायाँ जुन्याच सुरात ठेवला तर प्रत्येक 'ता' आणि 'तिन्' गाण्याशी भांडतो. म्हणजे तबला सरकवायला हवाच, आणि सरकवण्यात सर्वांत जास्त बिघडतोही तोच. कारण असं: पट्टी बदलणारं सॉफ्टवेअर आवाजाचे छोटे छोटे तुकडे घेऊन पुन्हा विणतं. 'ना'चा टणका काही मिलिसेकंदांचा असतो, तो तुकड्याच्या रुंदीत पसरतो आणि थाप बोथट होते, कधी एकाच्या दोन ऐकू येतात.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे तबलजीला बोलावून नव्या पट्टीत पुन्हा वाजवून घेणं. उंच पट्टीला लहान तोंडाचा दायाँ लागतो हे त्याला आधी कळवा. ते शक्य नसेल तर साध्या ठेक्यासाठी रीपरमधला हा मार्ग वापरा. तबल्याचा आयटम (ट्रॅकवर ठेवलेला आवाजाचा तुकडा) 'डायनॅमिक स्प्लिट'नं थापेथापेला तोडा. सगळे तुकडे निवडून आयटम प्रॉपर्टीजमध्ये 'प्रिझर्व्ह पिच'ची खूण काढा आणि प्लेबॅक रेट ०.८४०९ लिहा (उणे ३ साठी). आता प्रत्येक थाप टेपचा वेग कमी केल्यासारखी खाली येते. विणकाम होत नाही, त्यामुळे टणका शाबूत राहतो. थाप १९ टक्के लांबते, पण तिची शेपटी पुढच्या थापेखाली कापली जाते आणि ते कानाला खटकत नाही. वर नेताना (अधिक ३ साठी रेट १.१८९२) उलटं घडतं: तुकड्याच्या शेवटी पुढच्या थापेची सुरुवात डोकावते. तिथे प्रत्येक तुकडा शेवटून सुमारे १६ टक्के आखडून त्याला छोटा फेड द्या. सावकाश केरवा, दादरा, भजनी ठेका यांना ही युक्ती छान बसते. लग्गीला (जलद, दाट बोलांच्या वादनाला) नाही.

दायाँ आणि बायाँ दोन माइकवर घेतले असतील तर दोन्ही फाइल वेगवेगळ्या विणू देऊ नका. दोन्हींत एकमेकांचा आवाज उतरलेला असतो, वेगळी प्रक्रिया झाली की तो जुळत नाही आणि आवाज पोकळ होतो. आधी दोन्ही एका स्टीरिओ फाइलमध्ये आणा, मग सरकवा. स्टीरिओ ट्रॅकचे डावे-उजवे भाग वेगळे न करण्याचं कारणही हेच.

*तंबोरा.* तंबोऱ्याचं स्टेम सरकवू नका. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत एखादा कारागीर जवारी काढताना पाहिला तर कारण लगेच समजतं. घोडीचा पृष्ठभाग किंचित किंचित घासून, तारेखालचा दोरा केसाएवढा पुढेमागे करून तो अशी जागा शोधतो की तार घोडीवर अलगद थरथरावी आणि त्यातून वरच्या स्वरांची भरगच्च साखळी उमटावी. त्या साखळीतले स्वर सतत एकमेकांत मिसळत, उजळत, विरत असतात. पिच शिफ्टचं विणकाम नेमकी हीच हालचाल पुसून टाकतं, आणि उरतो तो सपाट, धातूसारखा घोष. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याचा आवाज दोन क्लिकमध्ये घालवणं फार वाईट वाटतं.

नवीन पट्टीत तंबोरा लावून तीन मिनिटं रेकॉर्ड करा. माइक घोडीपासून हातभर अंतरावर, किंचित भोपळ्याकडे वळवलेला ठेवा. पट्टी एक-दोननं बदलली असेल तर तोच तंबोरा खुंट्या आणि मण्यांवर जुळतो, पण काळी एकवरून काळी चारला जायचं तर मर्दानी (मोठा, खालच्या सुराचा) ठेवून जनानी (लहान, उंच सुराचा) तंबोरा घ्या. तो मिळत नसेल तर इलेक्ट्रॉनिक तंबोरा थेट नव्या पट्टीत लावून घेतलेला बरा.

*पेटी, बासरी, व्हायोलिन.* तीन पट्ट्यांपर्यंत चांगली साथ देतात. पेटीच्या भात्याचा सुसकारा आणि पट्ट्यांची टकटक आधी साफ करा. बासरी-व्हायोलिन एकटं असेल तर एकस्वरी (मोनोफोनिक) मोड वापरा.

*बेस.* उणे ५ ला बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवरून ३१ हर्ट्झला जाते. मंडपातल्या बहुतेक स्पीकरना ती वाजवताच येत नाही. म्हणून उणे ५ च्या ट्रॅकमध्ये बेसचं स्टेम तेवढं अधिक ७ करा. तो पुन्हा त्याच षड्जावर, पण ऐकू येणाऱ्या सप्तकात येतो.

*स्टेम्सच नसतील तर.* अल्टिमेट व्होकल रिमूव्हरसारख्या फुकट सॉफ्टवेअरनं मिक्समधून गाणं, ड्रम, बेस आणि बाकीचं असे चार भाग पाडता येतात. ड्रमसेटवर ते चांगलं चालतं. तबला मात्र कधी ड्रममध्ये, कधी 'बाकीच्या'त, कधी निम्मा-निम्मा जातो. भाग पाडून ऐका. तबला फुटला असेल तर तो मार्ग सोडा आणि पूर्ण मिक्सच एकदम सरकवा.

७. प्रत्यक्ष पट्टी बदलणे

रीपरमध्ये आयटम निवडा, एफ २ दाबा. 'पिच ॲडजस्ट'च्या चौकटीत उणे ३ किंवा जो आकडा काढला असेल तो लिहा. खाली पिच शिफ्टचा मोड निवडायची यादी आहे, ती आहे तशी सोडू नका.

पेटी, कोरस, पूर्ण मिक्स यांना 'इलास्टिक प्रो'. एकट्या गायकाला, बासरीला 'इलास्टिक सोलोइस्ट'चा 'मोनोफोनिक' पर्याय. निवेदनाला त्यातलाच 'स्पीच'. आवाज माणसाचा असेल आणि मोड 'प्रो' असेल तर 'प्रिझर्व्ह फॉर्मंट्स'चे पर्याय ऐकून पाहा. फॉर्मंट म्हणजे तोंड आणि घशाच्या पोकळीचा ठसा. स्वर बदलला तरी माणसाचं तोंड बदलत नाही. हा ठसा स्वरासोबत सरकला की वर जाताना आवाज कार्टूनसारखा आणि खाली येताना राक्षसासारखा होतो.

ऑडॅसिटीत 'इफेक्ट'मधल्या 'पिच अँड टेम्पो' गटात 'चेंज पिच' आहे. सेमीटोनचा आकडा लिहा आणि 'यूज हाय क्वालिटी स्ट्रेचिंग'वर खूण करा. वेळ जास्त लागतो, पण पेटी-कोरसला फरक स्पष्ट ऐकू येतो. हा बदल थेट आवाजावर लिहिला जातो आणि प्रोजेक्ट बंद केल्यावर मागे घेता येत नाही. म्हणून आधी ट्रॅकची प्रत काढा, मूळ ट्रॅक म्यूट करून तसाच ठेवा. ३.५ पासून पुढच्या आवृत्त्यांत मूळ न बदलता क्लिपची पट्टी बदलायची सोयही आली आहे.

एबलटन लाइव्ह या तशाच सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण मिक्सला आणि गायनाला 'कॉम्प्लेक्स प्रो'. तिथला 'री-पिच' मोड पट्टीसोबत लयही बदलतो. तसं झालं की एक सेमीटोन उतरवताना १२० बीपीएमचं गाणं ११३ वर येतं. गाणं थोडं संथ झालेलं चालत असेल तर मात्र हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे, कारण इथे विणकाम अजिबात नाही. भजनाच्या एका पट्टीच्या फरकाला तो जरूर करून ऐका.

आता या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट: पट्टी नेहमी मूळ फाइलवरून, एकदाच बदला. आज उणे २ करून फाइल काढली, उद्या गायक म्हणाला अजून एक खाली, तर उणे २ च्या फाइलला उणे १ करू नका. मूळ उघडा आणि उणे ३ लिहा. प्रत्येक विणकामाचा डाग पुढच्या विणकामात मोठा होतो. बिघडलेल्या म्हणून येणाऱ्या ट्रॅकमध्ये हे कारण फार वेळा सापडतं.

८. रेंडर करा आणि मगच गायकाला बोलवा

पट्टी बदललेला आवाज थेट वाजवताना सॉफ्टवेअर प्रोसेसरवर मोठा भार टाकतं. त्यातच गायन रेकॉर्ड करायला गेलं की खरखर येते, ती टाळायला बफर (सॉफ्टवेअर एका वेळी हाताळतं तेवढा आवाजाचा साठा) वाढवावा लागतो, आणि बफर वाढला की गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूला २.७ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१ मिलिसेकंद. एकवीसला गाणारा अडखळतो.

म्हणून आयटमवर राइट क्लिक करून रेंडरचा पर्याय घ्या, जो नवीन टेक (त्याच आयटमची दुसरी प्रत) तयार करतो. मूळ टेक खाली तसाच राहतो आणि टी दाबून त्यावर परत जाता येतं. रेंडर झालेल्या फाइलचा पिचचा आकडा शून्य दिसतोय याची खात्री करा. काही जण पट्टी बदललेला आवाज एका ट्रॅकवरून दुसऱ्या ट्रॅकवर वाजवत वाजवत रेकॉर्ड करतात. ते चुकीचं नाही, पण त्यात प्रोसेसर अडखळला तर टिचकी कायमची उमटते. ऑफलाइन रेंडरमध्ये तो धोका नाही.

रेंडरनंतर सुरुवातीची एक थाप मूळ ट्रॅकशी लावून पाहा. प्लगइनमुळे होणारा उशीर बहुतेक सॉफ्टवेअर आपोआप भरून काढतं, तरी दहा-वीस मिलिसेकंदांचा फरक दिसला तर हातानं सरकवून जुळवा.

९. गायन

बफर १२८, इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज कॉम्प्युटरमधून न जाता थेट हेडफोनला) चालू. माइक तोंडापासून वीतभर, मध्ये पॉप फिल्टर. सर्वांत मोठ्या तानेला पातळी उणे १० ते उणे ६ डीबीच्या दरम्यान राहील एवढाच गेन. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, मागे गोधडी. हेडफोनचा आवाज माइकमध्ये शिरणार नाही इतपतच ठेवा.

हे शेवटचं विशेषतः पाळा. गायकानं जुन्या पट्टीचा ट्रॅक ऐकत गायलं, तो ट्रॅक माइकमध्ये हलकासा उतरला, आणि नंतर सगळ्या स्टेम्सची पट्टी वेगवेगळी बदलली, तर गाण्याच्या प्रत्येक विरामात जुन्या ट्रॅकची भुतासारखी कुजबुज येते. ती काढायला कोणतंही प्लगइन पुरत नाही.

गायलेला आवाजच नंतर सरकवायची वेळ आली तर दोन पट्ट्यांच्या पुढे जाऊ नका. कोरडा आवाज, एकस्वरी मोड, फॉर्मंट जपलेले. स्वर सरळ करणारं ऑटो-ट्यून त्याच झटक्यात लावू नका. ते मींड आणि आंदोलनं पायऱ्यांमध्ये तोडतं, आणि अभंगातली आर्त जागा तिथेच मरते.

१०. तपासणी आणि फाइल देणे

मोड बरोबर निवडला का हे कळायला एक चाचणी आहे. ट्रॅकचे वीस सेकंद घ्या, उणे ३ करून रेंडर करा, मग त्याच फाइलला अधिक ३ करा आणि मूळ तुकड्याशेजारी ठेवून ऐका. विणकामाचे डाग दुप्पट होऊन समोर येतात. दोन-तीन मोड असे तपासले की तुमच्या ट्रॅकला कोणता बसतो ते दहा मिनिटांत कळतं. चाचणीच्या फाइल लगेच काढून टाका, चुकून खऱ्या कामात जायच्या.

ऐकताना चार जागा पकडा: टाळांची शेपटी, 'स' आणि 'श' ची अक्षरं, लांबवलेला आकार, आणि बेस थांबल्यावरची शांतता. मग मोबाइलच्या एका स्पीकरवर ऐका. सभागृहातली यंत्रणा पुष्कळदा मोनोच असते, आणि मोनोत पेटी गायब होत असेल तर डावी-उजवी बाजू कुठेतरी वेगळी प्रक्रिया होऊन आली आहे.

कार्यक्रमात वाजवायला २४ बिट वेव्ह द्या. १६ बिट मागितली तर शेवटच्या रेंडरला डिथर (बिट कमी करताना मिसळायची अगदी बारीक खरखर) चालू करा, आधी कुठेही नाही. एमपी थ्री मागितली तर ३२० केबीपीएस, आणि तीही वेव्हवरूनच काढलेली.

फाइलच्या नावात मूळ पट्टी, नवी पट्टी, फरक आणि बीपीएम लिहा, उदाहरणार्थ 'अभंग, मूळ काळी ४, आता पांढरी ४, उणे ३, ८४ बीपीएम'. मूळ स्टेम्स वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्यावर चिकटपट्टी लावून 'मूळ, बदलू नये' असं लिहा. पुढच्या वर्षी गणपतीत दुसरा गायक उभा राहील आणि त्याला काळी दोन लागेल, तेव्हा तोच पेनड्राइव्ह उघडायचा आहे.